चाळीस रेघांचा पिस्टन

मी एक जुना पिस्टन आहे आणि माझी तक्रार अशी आहे की मला वेळेवर कुणी फेकून दिलं नाही.

मित्रांनो, हसू नका. तुम्ही शाळेत फाटक्या पुस्तकाची, मोडक्या छत्रीची, पडक्या विहिरीची मनोगतं लिहिता. त्या सगळ्यांचं रडगाणं एकच असतं. आम्ही राबलो, आम्ही झिजलो आणि शेवटी आम्हाला अडगळीत टाकलं. माझं सगळं उलट झालं. मला अडगळीत टाकायची वेळ आली तेव्हा लोक मला डोक्यावर घेऊन नाचत होते. आता मी एका खिडकीच्या कट्ट्यावर बसून असतो. माझा खालचा घेर एका बाजूने फुटलेला आहे. समोर एक बाई रोज घमेल्यात हात घालून फिल्टर धुते, मध्येच माझ्याकडे बघते आणि आपल्यामुळेच आपल्या मुलीचा पाय अधू झाला असं मनाशी धरून बसते. तिची काहीही चूक नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि आणखी एका माणसालाही. तो माणूस तिचा सख्खा भाऊ आहे.

आता पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, ते गार झालं आणि मी उपड्या पेल्यासारखा बाहेर पडलो. मग मला तासलं, कमरेतून आरपार भोक पाडलं, डोक्याच्या खाली रिंग नावाची लोखंडी कडी बसायला खाच पाडली आणि डोक्यावर एक छोटा बाण कोरला. पिस्टन बसवताना त्या बाणाचं तोंड सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचं असतं. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला मापात धरलं, फिरवून पाहिलं आणि माझ्यात केसाइतकीही खोट निघाली नाही. तेलकट कागदात गुंडाळून मला पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलं. त्या पेटीत एक घडी केलेला कागद होता. शर्यतीच्या गाडीत हा पिस्टन चाळीस तास चालवावा आणि बदलावा, असं त्यावर छापलेलं होतं. माणसाला आपल्या आयुष्याची मुदत कळत नाही म्हणतात. मला ती पेटीतच कळली होती आणि खरं सांगतो, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता.

पेटी उघडली ती मामाच्या गॅरेजमध्ये. हा खरं तर एकाच मुलीचा मामा, पण येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला मामाच म्हणायचं, अगदी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठं असलं तरी. घराच्या मागच्या भिंतीला टेकून त्याची पत्र्याची शेड होती. स्वयंपाकघराचं मागचं दार शेडमध्येच उघडायचं, त्यामुळे जेवणाला पेट्रोलचा वास यायचा आणि गॅरेजला जेवणाचा. एका फळीवर पाने टांगलेले होते आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याचीच आकृती काळ्या रंगाने काढलेली होती, म्हणजे एखादा पाना जागेवर नसला तर लगेच दिसावं. असा हा शिस्तीचा माणूस. त्याच्या शिस्तीबद्दल मी काही खोटं सांगणार नाही, कारण शिस्त होती म्हणूनच तर पुढचं सगळं इतकं जिव्हारी लागतं.

ज्या मुलीचा तो मामा, तिला घरात बारकी म्हणत. नाव बारकी, पण हेल्मेट घातलं की तिचं डोकं शेडच्या पत्र्याला टेकायचं. ती एकवीस वर्षांची होती आणि मातीच्या ट्रॅकवर, टेकाडांवरून उड्या मारत मोटरसायकल चालवायची. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते. आई एका इस्पितळाच्या धुलाई विभागात नोकरी करायची. चादरीवरचा डाग तिला दहा पावलांवरून दिसायचा. बारकीने शर्यतीत उतरायचं ठरवलं तेव्हा आईने दोन अटी घातल्या, असं मी नंतर ऐकलं. इंजिन जितके तास चालेल तितक्या रेघा खडूने भिंतीवर ओढायच्या आणि त्या तिला स्वयंपाकघरातून दिसल्या पाहिजेत, ही एक. दुसरी अट अशी की गाडीचा एअर फिल्टर ती स्वतः धुणार.

"मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही," ती भावाला म्हणाली होती, "पण धुणं कळतं. पोरगी त्या धुडावर बसणार आहे ना, मग माझाही हात लागू दे त्याला."

मी आलो त्या दिवशी भिंतीवर चाळीस रेघा पूर्ण झाल्या होत्या. मामाने इंजिन उघडलं आणि माझ्या आधीचा पिस्टन बाहेर काढला. मी पेटीतून पाहत होतो. त्याला काहीही झालेलं नव्हतं. घेर गुळगुळीत, डोकं धड, कुठे टवका नाही की चीर नाही. बारकी म्हणाली, "मामा, हा तर अजून चांगला आहे की."

"चांगला आहे तोवरच काढायचा असतो," मामा म्हणाला. "बिघडल्यावर काढायला मी कशाला पाहिजे? तो आपणच बाहेर येतो, तुकडे होऊन."

एवढं बोलून त्याने तो पिस्टन भंगाराच्या डब्यात टाकला. ठण्णकन आवाज झाला. मला तेव्हा मामा किती निर्दयी वाटला म्हणून सांगू! चाळीस तास इमानाने राबलेल्याची ही किंमत, असं मला वाटलं. आज त्या पिस्टनचा मला हेवा वाटतो.

मग मामाने मला तेल चोळलं, बाण सायलेन्सरकडे करून बसवलं, वरून सिलिंडर उतरवलं आणि ओल्या फडक्याने भिंत पुसली. आई दारात येऊन कोऱ्या भिंतीकडे बघून गेली. गाडी तीनदा तापवली, तीनदा गार केली. चौथ्यांदा बारकी तिच्यावर बसली आणि माझं काम सुरू झालं.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला विसावा नसतो, मित्रांनो. वर जायचं, डोक्यावर स्फोट झेलायचा, खाली यायचं, की परत वर. मिनिटाला आठ-नऊ हजार वेळा. इतर गाड्यांच्या इंजिनात पिस्टनला निदान एकाआड एक फेरी तरी मोकळी मिळते, आमच्या नशिबात तीही नाही. वंगण म्हणाल तर पेट्रोलात मिसळलेलं चमचाभर तेल, तेवढ्यावरच सगळं. पण मला ते काम आवडायचं. बारकीने मूठ पिळली की सिलिंडर भरून यायचं आणि मी जीव तोडून धावायचो. टेकाडावरून गाडी हवेत गेली की क्षणभर चाक मोकळं फिरायचं, मी एकदम हलका व्हायचो आणि गाडी जमिनीला लागली की परत ओझं यायचं. ती मुलगी फार सुरेख चालवायची. गाडी तापायच्या आधी तिने मला कधी पळवलं नाही आणि शर्यत संपल्यावर कधी एकदम बंद केलं नाही.

आणि आईच्या कामाबद्दल आताच सांगून ठेवतो, कारण तेच महत्त्वाचं आहे. इंजिन हवा ओढून घेतं आणि मातीच्या ट्रॅकवर हवेपेक्षा धूळच जास्त असते. तिला अडवतो तो फोमचा फिल्टर. चिमूटभर धूळ जरी आत गेली तरी कानस फिरवावी तसा पिस्टन घासून निघतो. ट्रॅकवरून आलेला फिल्टर आई आधी रॉकेलमध्ये बुचकळायची, मग साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुवायची. पिळायची नाही, तळहातांत दाबायची, कारण पिळला की फोम फाटतो. सावलीत वाळला की त्याला चिकट तेल लावून ते बोटांनी सगळीकडे सारखं करायची आणि शेवटी उजेडासमोर धरून बघायची. तिने धुतलेल्या फिल्टरमधून माझ्या सबंध आयुष्यात धुळीचा एक कणही आत आला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

पहिली शर्यत बारकीने दहा रेघांच्या आत जिंकली. दुसरी वीस झाल्या तेव्हा. तिसऱ्या शर्यतीत तर तिच्या पुढचा गडी तिच्याहून मोठ्या गाडीवर होता, तरी शेवटच्या चढावर तिने त्याला मागे टाकलं. लाउडस्पीकरवरचा माणूस घसा बसेपर्यंत तिचं नाव घेत होता. शर्यत संपल्यावर लोक गाडीभोवती जमले आणि विचारू लागले की मामा, आत घातलंय तरी काय? मामाने सिलिंडरवर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नाही. साधा पिस्टन आहे, पण असला दाणा शंभरात एक निघतो. हा बसला आणि पोरगी जिंकायलाच लागली."

माझी पहिली स्तुती ती. मी फुगलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं मी खरोखरच शंभरात एक आहे. कारखान्यात त्याच दिवशी माझ्यासारखे हजारो निघाले होते, पण ते मी सोयीस्कर विसरलो.

भिंतीवर चाळीस रेघा पूर्ण झाल्या तेव्हा मामाच्या फळीवर नव्या पिस्टनची पेटी येऊन पडली होती. बारकी शेडमध्ये आली, पेटी पाहिली आणि म्हणाली, "मामा, हा नको ना काढूस. लकी आहे. निवडीची शर्यत होऊ दे, मग काढ."

ती निवडीची शर्यत म्हणजे मोठी गोष्ट होती. त्यातल्या पहिल्या तिघांना एक मोठा संघ आपल्याकडे घेणार होता. मामाने तिला झापायला हवं होतं. तुझं काम चालवायचं, माझं काम उघडायचं, असं म्हणायला हवं होतं. त्याने पेटी फळीवर मागे सरकवली. त्यालाही तेच हवं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायला हवं होतं. शिस्तीची माणसं अशीच घसरतात. नियम मोडायला त्यांना कुणाचा तरी आग्रह लागतो.

तरी त्याचं मन खात होतं. दुसऱ्या दिवशी आई कामावर गेल्यावर त्याने इंजिन उघडलं. मला बाहेर काढलं, माझ्या डोक्यावरचा काळा थर खरवडला, जुनी रिंग काढली आणि नवी चढवली. मग सवयीने अंगठ्याचं नख माझ्या खालच्या घेरावरून फिरवलं. एका जागी ते अडकलं. अगदी पुसटसं, पण अडकलं. तिथे एक चीर सुरू झाली होती, केसाहून बारीक. तो थांबला. परत नख फिरवलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही चीर आहे, मी थकलोय, मला त्या डब्यात टाक. खिडकीपाशी जाऊन मला उजेडात धरलं असतं तरी त्याला दिसलं असतं. खिडकी चार पावलांवर होती.

"ओरखडा असेल," मामा स्वतःशीच म्हणाला आणि त्याने मला परत बसवलं.

यानंतर त्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्याने ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरच्या चाळीस रेघा पुसून टाकल्या. नवी रिंग घातली आहे, तेव्हा मोजणी नव्याने, असं त्याने स्वतःला पटवलं असेल. पण त्या रेघा कधीच रिंगच्या नव्हत्या. त्या माझ्या होत्या. संध्याकाळी आई आली, तिने कोरी भिंत पाहिली आणि तिचा चेहरा निवळला. ती आत जाता जाता म्हणाली, "बदललास होय? बरं झालं बाबा. मला उगाच घोर लागला होता." मामा वाकून चेन साफ करत होता. त्याने मान वर केली नाही. बारकी तेव्हा घरात नव्हती.

नवी पेटी फळीवर तशीच राहिली. माझ्या चाळीस तासांवर आणखी तास चढत गेले. दहा, पंधरा, वीस. चीर रोज थोडी वर सरकत होती. मित्रांनो, मी तेव्हाही जीव तोडून धावत होतो आणि तीच माझी चूक झाली. मी जरा कुरकुर केली असती, ताकद सोडली असती, तर त्यांनी मला उघडून पाहिलं असतं. पण पिस्टन असा असतो की शेवटच्या फेरीपर्यंत तो उत्तम चालतो.

निवडीच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी इस्पितळात काम वाढलं आणि आईला यायला उशीर झाला. तिने फिल्टर दोनदा धुवायच्या ऐवजी एकदाच धुतला. धुताना दोनदा स्वतःशी पुटपुटली की पुरे ना, स्वच्छ आहे ना. तो स्वच्छच होता.

शर्यतीच्या दिवशी, रांगेत गाड्या लावल्या तेव्हा घरच्या भिंतीवर सव्वीस रेघा होत्या. म्हणजे माझे सहासष्ट तास झाले होते. बारकीने किक मारली, गाडी सुरू झाली आणि तिने मान कलती करून ऐकलं. माझा घेर सिलिंडरला टकटक लागत होता.

"मामा, आवाज येतोय का रे काहीतरी?"

मामाने कान खाली आणला. त्या आवाजाचा अर्थ त्याला कळत नव्हता असं तुम्ही मला सांगू नका. तीस वर्षं तो हेच आवाज ऐकत आला होता. तो उठून उभा राहिला, तिच्या हेल्मेटवर टपली मारली आणि म्हणाला, "गार आहे अजून. तापलं की जाईल. जा, जिंकून ये."

पहिल्या फेरीत ती चौथी होती. दुसऱ्या फेरीत तिसरी. तिसऱ्या फेरीत सगळ्यात मोठ्या टेकाडाकडे चढताना तिने मूठ पूर्ण पिळली आणि मी वर गेलो तो अर्धाच खाली आलो. माझ्या घेराचा तुकडा निखळून खालच्या भागात पडला आणि फिरत्या दांड्यात अडकला. इंजिन जागच्या जागी जाम झालं. मागचं चाक थांबलं. गाडी टेकाडाच्या टोकावर होती, उडी घ्यायच्या नेमक्या क्षणी. क्लच दाबायला बारकीला वेळच मिळाला नाही. गाडी तिच्या अंगावरून पलीकडे पडली. मी आत अडकलेलो होतो, पुढचं मला काही कळलं नाही. फक्त लाउडस्पीकरवरचा माणूस बोलता बोलता मध्येच गप्प झाला, ते ऐकू आलं.

तिचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि खुबा निखळला. ती वाचली. पण परत गाडीवर बसणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

चार दिवसांनी भर दुपारी मामाने शेडमध्ये एकट्याने इंजिन उघडलं. मला बाहेर काढलं आणि माझे तुकडे एकेक करून फडक्यावर मांडले. चीर कुठून सुरू झाली होती ते त्याने बोट लावून पाहिलं. त्याला जागा शोधावी लागली नाही. त्याने तुटलेला तुकडा माझ्या घेराला जुळवून पाहिला. मी त्याला तेव्हा माफ करायला तयार होतो. चूक माणसाच्या हातून होते आणि भाचीवर त्याचा जीव होता, यात मला शंका नाही. मग आई आत आली. ती इस्पितळातून आली होती, मुलीजवळ रात्र काढून.

"काय झालं होतं रे?"

"पिस्टन फुटला."

"नवाच होता ना? कशाने फुटला?"

मामाने हात पुसायला घेतले. एकेक बोट पुसलं. एवढे स्वच्छ हात त्याने मी पाहिल्यापासून कधी पुसले नव्हते. शेवटी म्हणाला, "कशानेही फुटतो ताई. धूळ गेली तरी फुटतो."

तो असं का म्हणाला ते मला ठाऊक नाही. बहुधा तोंडाला जे पहिलं आलं ते बोलला. पण आईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी फिल्टर एकदाच धुतला होता."

आता तरी मामाने बोलायला हवं होतं. नाही गं ताई, तुझा काही संबंध नाही, एवढे सहा-सात शब्द. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते अजून विसरवत नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नकोस."

त्या दिवशी आईने मला उचललं, साबणाने धुतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, तिच्या घमेल्याच्या बरोब्बर वर. मला जपायला नाही, स्वतःला शिक्षा म्हणून.

त्यानंतर सहा महिने गेले. मामाचं गॅरेज पूर्वीपेक्षा जोरात चालू लागलं. तो आता चाळीस तासांची वाटच बघत नाही, तिसाव्या तासाला पिस्टन बदलतो. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "तो बघा. हलगर्जीपणा केला की काय होतं ते बघून घ्या." लोक माना डोलावतात. मामासारखा जबाबदार मिस्त्री नाही, असं एकमेकांना सांगतात. हलगर्जीपणा कुणाचा, ते कुणी विचारत नाही. आई मागे बसून ऐकत असते आणि तिला वाटतं की तो आपल्याबद्दलच बोलतोय, फक्त नाव घेत नाही एवढाच त्याचा चांगुलपणा. ती आता सगळ्याच गिऱ्हाइकांचे फिल्टर धुते. कुणी सांगितलेलं नाही. एकेक फिल्टर चार-चार वेळा धुते. रॉकेलने तिच्या बोटांना भेगा पडल्या आहेत आणि साबण लागला की ती ओठ घट्ट मिटते. मला संताप येतो, मित्रांनो. फुटक्या पिस्टनच्या संतापाला कोण विचारतंय म्हणा.

गेल्या आठवड्यात बारकी कुबडी घेऊन पहिल्यांदाच शेडमध्ये आली. इतके दिवस ती आतल्या खोलीत असायची आणि तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि आईकडे बघत राहिली.

"आई, एक फिल्टर किती वेळा धुतेस?"

"नीट धुवायला नको? एकदा नाही धुतला तर काय होतं ते बघितलंय मी."

बारकीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने हात लांब करून मला उचललं. उजेडात धरलं, फिरवलं, ज्या बाजूने हवा येते ती बाजू बोटाने चाचपली. "आई, हे बघ. धूळ गेली असती तर इथे सगळं खरखरीत झालं असतं. हात लावून बघ, कसं गुळगुळीत आहे. आणि डोक्याच्या आतून किती काळा पडलाय बघ. सव्वीस तासांत इतका काळा होत नाही. हा जुनाच पिस्टन आहे. मामाने बदललाच नव्हता. मीच म्हटलं होतं त्याला, नको काढूस म्हणून."

मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. शेवटी कुणीतरी मला वाचलं होतं.

आईने ओला हात पदराला पुसला, पण मला हात लावला नाही. तिने मुलीच्या गालाला हात लावला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस होय, बाळा?"

"नाही गं, खरंच सांगतेय!"

"भिंत कोरी होती. मी डोळ्यांनी पाहिली. बदलला नसता तर त्याने पुसली कशाला असती? आणि माझी चूक नसती तर तुझ्या मामाने मला सांगितलं नसतं का? सहा महिने मी त्याच्यासमोर हे करतेय. सख्खा भाऊ आहे माझा. एवढा दुष्ट आहे का तो?"

बारकीने मान वळवली. मामा दारात उभा होता. केव्हापासून ते ठाऊक नाही, पण त्याने ऐकलं होतं, कारण तो हातातला पाना जागेवर टांगायचं विसरला होता. बारकी म्हणाली, "मामा, सांग तिला." फक्त एवढंच. तिचा आवाज चढलाही नव्हता.

शेडमध्ये तिघंच होती आणि मी. मामाने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या भेगाळलेल्या हातांकडे. त्याने पाना खाली ठेवला. मला वाटलं, आता बोलेल. एवढा दुष्ट नसेल.

"ताई," तो म्हणाला, "त्या निळ्या गाडीचा फिल्टर झाला का? गिऱ्हाईक थांबलंय."

"झालाच," आई म्हणाली. "एकदा आणखी धुते आणि देते."

बारकीने मला परत कट्ट्यावर ठेवलं. इतकं हळू ठेवलं की आवाजसुद्धा झाला नाही. मग ती कुबडी टेकत आत गेली.

मित्रांनो, तुमच्याकडे गाडी असो की नसो, माझं एवढं ऐका. जी वस्तू तुमच्यासाठी राबते तिची मुदत ओळखा आणि ती भरली की तिला रजा द्या. तिची स्तुती करून तिला आणखी राबवू नका. त्यात प्रेम नसतं, आपला लोभ असतो. हे झालं मशीनचं. माणसांचं त्याहून अवघड आहे. तुमचा दोष दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जाऊन बसला असेल तर आज उठा, आत्ता उठा आणि जाऊन सांगा. उद्यावर टाकलंत, परवावर टाकलंत, तर एक दिवस असा येईल की खरं सांगणारं दुसरं कुणी भेटेल आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटणार नाही, कारण तुम्ही इतके दिवस गप्प होतात. मी हे सांगतोय तेव्हा मामा बाहेर एका गिऱ्हाइकाला पिस्टन वेळेवर बदलण्याचं महत्त्व समजावून सांगतो आहे. इथे खाली ती चौथ्यांदा घमेल्यातलं पाणी बदलते आहे.